एडवर्ड शरीफ आहे का?

मे महिन्यात माहेरी धाकट्या भावाच्या बाळाचा अकीका होता. आदल्या दुपारी बिर्याणीचा लसूण सोलायला आम्ही चौघी बसलो होतो: माझी खाला, मोठी भाभी, मी आणि भाभीची मुलगी. भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात तिची मंगनी झाली. लसूण सोलताना तिचं अर्धं लक्ष मोबाईलवर होतं. खालाने विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

ती 'ट्वायलाइट' बघत होती, आणि तेही पाचव्यांदा. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 2005 साली आली. पुढे आणखी तीन भाग आले, सिनेमेही निघाले. भाचीने सगळे भाग वाचलेत. खालाला इंग्रजी येत नाही, म्हणून भाची गोष्ट सांगू लागली. अमेरिकेतलं फोर्क्स नावाचं पावसाळी गाव. सतरा वर्षांची बेला तिथे राहायला येते आणि वर्गातल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. पण एडवर्ड माणूस नाही, व्हॅम्पायर आहे. 1918 च्या तापाच्या साथीत तो मरायला टेकला होता, तेव्हा त्याला व्हॅम्पायर केलं गेलं. तेव्हापासून तो सतराचाच. मात्र हे घराणं चांगलं, माणसाचं रक्त पीत नाही, जनावरांच्या रक्तावर भागवतं.

"रक्त ते रक्तच. माणसाचं काय नि जनावराचं काय, हरामच," खाला म्हणाली.

पण लग्नाआधी एडवर्ड मर्यादा ओलांडत नाही, आधी लग्न असा हट्ट तोच धरतो आणि चौथ्या भागात लग्न होतं, हे ऐकल्यावर खालाचं मत बदललं. "मग पोरगा शरीफ आहे." लेखिका मॉर्मन पंथाची, त्या पंथातही लग्नाआधीच्या संबंधांना मनाई आहे, हे मी सांगितलं. खालाला अजूनच बरं वाटलं.

भाभी मात्र अडून बसली. भाभी मराठी शाळेत शिकलेली, नगर वाचनालयातून शैलजा राजे, सुहास शिरवळकर आणून वाचणारी. ती म्हणाली, "शरीफ कसला? मुलगी झोपली असताना तिला न विचारता तिच्या खोलीत येतो आणि रात्रभर बघत बसतो, हे तूच सांगितलंस ना मला?"

"मम्मी, काळजी असते त्याला."

"आणि ती दुसऱ्या मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिन बिघडवून ठेवतो, तीही काळजीच?"

म्हणजे भाभीने लेकीकडून सगळी गोष्ट आधीच ऐकली होती आणि नीट लक्षात ठेवली होती. इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या आया कमीच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीच्या दप्तरातून मी हेच पुस्तक काढून घेतलं होतं. कपाटात कुलूपबंद केलं, मग घरी नेऊन दोन रात्रींत वाचून काढलं! वर्ष संपताना पुस्तक परत दिलं, पण तिला काय वाटलं ते विचारलं नाही. त्यानंतर त्या मुलीने मला कुठलंच पुस्तक दाखवलं नाही. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप मुलाची पुस्तकं जाळतो. बी.एड.ला असताना आम्ही त्या बापाला नावं ठेवली होती. कुलूप लावणारी मी काय वेगळी?

खालाच्या तरुणपणी ए. आर. खातून आणि रझिया बट यांच्या उर्दू कादंबऱ्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या जायच्या. मी डायजेस्ट गादीखाली ठेवायची. आता भाचीच्या पिढीला उर्दू लिपीच येत नाही. उमेरा अहमदची 'पीर-ए-कामिल' तिने इंग्रजी भाषांतरात वाचली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तर त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की आमच्या 'साफ' कादंबऱ्यांतला नायकही तपासून बघायला हवा. फरहत इश्तियाकच्या 'हमसफर'वरची मालिका 2014 मध्ये आपल्याकडे 'जिंदगी' वाहिनीवर लागली, तेव्हा आम्ही सगळ्या रडलो होतो. आता मी विचारलं, आशरने बायकोचं ऐकून न घेता आईवर विश्वास ठेवला, खिरदला घर सोडावं लागलं, मूल तिने एकटीने वाढवलं. शेवटी त्याला पश्चात्ताप झाला, एवढ्यावर आपण सगळं विसरलो का?

"अगं, आई होती त्याची," खाला म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि फवाद खान होता."

भाची म्हणाली, "पण प्रेमाने माणूस सुधारतो ना, फुफी? सालार सुधारला." मला तेवढ्यावर थांबवेना. 'पीर-ए-कामिल'मधला सालार सुधारतो खरा, पण इमामा त्याला सुधारत बसलेली नाही. वर्षानुवर्षं ती त्याच्या समोरही नसते. सुधारणं हे त्याचं त्याला करावं लागतं. बिघडलेल्या मुलाला प्रेमाने वळणावर आणायचं काम मुलीच्या अंगावर टाकणाऱ्या कादंबऱ्याच जास्त आहेत, आणि व्हॅम्पायरपेक्षा मला त्यांची भीती वाटते.

मग मी मेयरबाईंचंच दुसरं पुस्तक सांगितलं. बेलाला सारखं कुणीतरी वाचवायला लागतं, अशी टीका झाली. त्यावर लेखिकेने 2015 मध्ये तीच गोष्ट उलटी लिहिली: मुलगा माणूस, मुलगी व्हॅम्पायर. भाचीला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, आता समज, मुलगी रात्री मुलाच्या खोलीत येऊन बसते, तो कुठे जातो यावर नजर ठेवते.

"या अल्लाह! अशी सून कोण करील?" खाला पटकन म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली.

भाचीचा मोबाईल वाजला. तिने वाचलं आणि लसणाच्याच हाताने उत्तर दिलं. भाभीने विचारलं तेव्हा म्हणाली, "लोकेशन मागतात. दिवसातून दोन-तीनदा. सगळेच मागतात, मम्मी." कुणी काही बोललं नाही. भाभीने सोललेला लसूण पातेल्यात ओतला.

रात्री छतावर भाची माझ्याजवळ आली. तिने विचारलं, "नको म्हटलं तर राग येईल का त्यांना?" मी म्हटलं, "निकाहआधी विचारून बघ. राग आला तर किती येतो, तेही कळेल." शिक्षिकेसारखंच उत्तर झालं, पण दुसरं सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिने त्याला सांगितलं होतं की लोकेशन पाठवणार नाही, पोहोचल्यावर फोन करीन. दोन दिवस त्याच्याकडून काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला आणि बराच वेळ बोलला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. मात्र भाभीला सगळं सांगितलंय म्हणाली.