‘सोनेरी दिवसां’तल्या घरात राबत कोण होतं?

१९५० च्या दशकातला घेरदार फ्रॉक, कमरेला एप्रन, हसत हसत केक भाजणारी अमेरिकन गृहिणी आणि खाली वाक्य, ‘तेव्हा बाई सुखी होती’. असे रील्स आता आपल्याच ग्रुपवर ‘किती छान दिवस’ म्हणून फिरू लागलेत. मित्रांनो, आपल्यातल्या अनेकांच्या आया आजही चार घरची धुणीभांडी करतात. निदान आपण तरी हे फॉरवर्ड करण्याआधी विचारायला हवं, की ते घर कोणाचं होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन हे उपनगर उभं राहिलं. १९४७ ते १९५१ मध्ये सतरा हजारांहून अधिक घरं, मागे सरकारी हमीचं स्वस्त कर्ज. सुरुवातीच्या करारातच अट होती, की गोऱ्यांखेरीज इथे कोणी राहायचं नाही. त्याच अटीत एक सवलतही होती. घरकामाचे नोकर मात्र चालतील! राबायला आत यायचं आणि राहायचं बाहेर. गावकुसाबाहेरच्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे अट कागदावरून गेली, व्यवहारातून नाही. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाऊनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांसह राहायला आलं. घरापुढे जमाव जमला, दगडफेक झाली, क्रॉस जाळले गेले. विल्यम महायुद्धात सैन्यात होते, पण ते कोण बघतो?

बरं, ती गोरी गृहिणी तरी सुखी होती का? बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये तिची घुसमट मांडली. ती खरीच होती, आम्ही नाकारत नाही. पण ही बाई नोकरीसाठी बाहेर पडल्यावर तिची मुलं आणि घर कोण सांभाळणार, हा प्रश्न विचारायला १९८४ साली बेल हुक्सच याव्या लागल्या. त्यांची स्वतःची आई गोऱ्यांच्या घरी काम करायची.

त्याच ‘सोनेरी’ दशकात, डिसेंबर १९५५ पासून, मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्यात घरकाम करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या मैलोन्मैल चालत कामावर जायच्या. कामवाली आली नाही तर घर चालेना, म्हणून कित्येक गोऱ्या मालकिणी आपली गाडी काढून तिला आणायला जाऊ लागल्या. तसं करू नका, असं महापौरांना जाहीरपणे सांगावं लागलं. तरी त्या जातच राहिल्या.