मूळ प्रत कोठे आहे?

दिग्दर्शकाला न जुमानता चित्रपटाचा शेवट बदलता येतो, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपण पाहिले. २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित करताना हक्कधारक कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मेलेल्या नायकाला जिवंत केले. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला. चित्रपट लागायचा तो लागलाच. कायद्याने तो कंपनीच्या मालकीचा असेल. पण माल ज्याचा, त्याचा इतिहासही त्याचाच काय?

कोणी विचारील, खुद्द कर्त्यानेच बदल केला तर? जॉर्ज लुकास यांनी १९८८ साली अमेरिकन संसदेपुढे जुन्या चित्रपटांतील ढवळाढवळीविरुद्ध साक्ष दिली. त्याच लुकासनी १९९७ मध्ये आपल्या १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये फेरफार केले. मूळ चित्रपटात बेरकी हान सोलो आधी गोळी झाडतो. नव्या प्रतीत समोरचा आधी झाडतो आणि सोलो सोवळा ठरतो. एका क्षणात पात्राचा स्वभावच बदलला! ज्या दृश्यचमत्कृतींना ऑस्कर मिळाले, त्यांतील काहींवर संगणकाचा लेप चढला. ते काम काही एकट्या लुकासचे नव्हते. २००६ साली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली, तीही सोबतची जादा तबकडी म्हणून, लेसरडिस्कच्या जुन्या प्रतीवरून.

आपल्याकडे १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत झाला. नव्या पिढीला कृष्णधवल पाहवत नाही, हे समर्थन मी वर्गात रोज ऐकतो. पण मूळ चित्रपटात शीशमहालातील गाण्याला अचानक रंग उजळतो, तेव्हा डोळे दिपतात. सगळेच रंगीत केल्यावर ते दिपणे कोठे राहिले?

मी मराठीचा मास्तर, म्हणून दाखला नाथांचा देतो. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असे बजावून ठेवले. ओवी रचण्यात त्यांचा हात कोण धरणार होते? तरी स्वतःचे सांगणे त्यांनी स्वतंत्र ग्रंथांत सांगितले, माउलींच्या पोथीत घुसडले नाही.

बदलाला माझी हरकत नाही. मूळ लपवण्याला आहे. रिडली स्कॉटच्या १९८२ च्या ‘ब्लेड रनर’च्या पाच आवृत्त्या २००७ साली एकाच संचात मिळाल्या, चित्रपटगृहात लागलेलीही त्यांत होती. तिकडे जमते ते इकडे का जमू नये? नवी प्रत विका, पण शेजारी मूळही ठेवा, तितक्याच स्वच्छ रूपात. आणि वेष्टनावर काय बदलले ते छापा.

वाचकहो, आपल्या सीमाभागात एकाच घरात मराठी, कानडी, हिंदी चित्रपट पाहिले जातात. तिन्ही भाषांतल्या जुन्या कॅसेटी आणि तबकड्या माळ्यावर असतील, त्या भंगारात घालू नका. आणि नवी प्रत घेताना दुकानदाराला एकच विचारा : मूळ कोठे आहे?