फडावरच्या मुलांची लस

दसरा-दिवाळी उलटली, की बीड जिल्ह्यातील वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच-सहा महिने, त्यांचे बिऱ्हाड फडाजवळच्या कोपीत असते. आईबापांबरोबर तान्ही मुलेही जातात. त्यांच्या लसीचे कार्ड मात्र पुष्कळदा घरीच राहते.

गोवर-रुबेलाची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. नोव्हेंबरात फडावर गेलेले सात महिन्यांचे बालक गावी परतते तेव्हा वर्षाचे झालेले असते. गावच्या नोंदवहीत ते ‘बाहेरगावी’ असते आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्याचे नावच नसते. अशा वेळी आईच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु जी बाई पहाटे अंधारात कोयता घेऊन निघते, तिने मजुरी बुडवून अनोळखी मुलखातील केंद्र शोधावे, ही अपेक्षाच अवाजवी होय. ती केंद्राकडे जाऊ शकत नसेल, तर केंद्राने तिच्याकडे गेले पाहिजे.

हे अशक्य नाही. पोलिओचे थेंब रेल्वे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर व फडांवर जाऊन पाजले गेले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, त्यामागे ही पायपीट होती. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन इंद्रधनुष’मध्येही अशा वस्त्यांचा विचार होता. परंतु मोहीम येते आणि जाते. बाळाचे वय मोहिमेची वाट पाहत नाही.

फिरत्या पथकाच्या अडचणी खऱ्या आहेत. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न्यावी लागते. गोवराच्या लसीची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली, की चार तासांत संपवावी लागते. उरलेल्या मात्रा फेकाव्या लागतात. एकदोन मुलांसाठी कुपी फोडावी की नाही, या विवंचनेत कर्मचारी पडतो. येथे वरिष्ठांनी निःसंदिग्धपणे सांगावयास हवे, की वाया गेलेल्या मात्रांपेक्षा लसीवाचून राहिलेले मूल महाग पडते. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीच्या वस्त्यांत आणि मालेगाव, भिवंडीत उसळलेल्या गोवराने हा हिशेब दाखवून दिला आहे.

म्हणून हंगामाच्या चारही दिशांना एकदा धावून येणारी गाडी पुरेशी नाही. ती दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी आणि मजूर फडावरून परतल्यावर कोप्यांपाशी उभी राहिली पाहिजे. निघणाऱ्या मुलांची यादी गावच्या केंद्राने हंगामापूर्वीच पुढे पाठवावी. टोळी कोणत्या शिवारात आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असते. ती माहिती त्याने आरोग्य केंद्रास द्यावी. यास मोठा खर्च लागत नाही, केवळ दोन खात्यांनी परस्परांशी बोलावे लागते.

तुटलेला ऊस वेळेत गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून सारी यंत्रणा रात्रंदिवस राबते. त्याच फडाच्या बांधावर झोळीत निजलेल्या मुलाची वेळही तितक्याच दक्षतेने पाळली गेली पाहिजे.