भुईआवळ्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एका तरुणाला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना उडालेली. घरच्यांनी पहिल्या दिवशी गळ्यात माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी भुईआवळ्याचा रस सुरू केला. त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, झाडपाल्याचं औषध आहे. गुण आला तर बरंच, नाही तर अपाय तरी काय होणार?"

हा प्रश्न घराघरात विचारला जातो, म्हणून आज त्याचाच विचार करू.

झाडपाल्यात औषध नसते असे कोणी म्हणू नये. पण कोणत्या पाल्यात किती गुण आहे, हे ठरवायची एक रीत आहे. वनस्पती वाळवून तिची पूड करतात. ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, आटवून अर्क काढतात. मग उंदरांचे गट पाडतात. एका गटाला काहीच विषारी देत नाहीत. दुसऱ्याला यकृत बिघडवणारे रसायन देतात. बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड, नाही तर पॅरासिटामॉलचा मोठा डोस. होय, आपण तापावर घेतो तेच पॅरासिटामॉल. ठरलेल्या मात्रेत ते उपयोगी, पण मात्रा फार वाढली तर यकृताचा घात करते. तिसऱ्या गटाला विष आणि सिलिमारिन नावाचे आधीच माहीत असलेले औषध देतात. उरलेल्या गटांना विष आणि नवा अर्क, कमी-जास्त मात्रेत.

शेवटी सर्वांचे रक्त तपासतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही द्रव्ये यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशी फुटल्या की ती रक्तात उतरतात. दवाखान्याच्या रिपोर्टात हे आकडे वाढलेले दिसतात ते त्यामुळेच. अर्क दिलेल्या गटात आकडे कमी वाढले, सूक्ष्मदर्शकाखाली यकृतही चांगले दिसले, तर अर्कात काही गुण असावा असे म्हणतात.

पण इथे फक्त पहिली पायरी संपते. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधीपासून दिलेला असतो. आपला माणूस मात्र आजारी पडल्यावर औषध शोधतो. शिवाय उंदराला रसायनाने झालेली इजा वेगळी आणि माणसाला विषाणूने झालेली कावीळ वेगळी.

भुईआवळ्याचेच पाहा. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात एक प्रयोग छापला. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगात असलेल्या 37 जणांना 30 दिवस भुईआवळ्याची पूड दिली. त्यांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली पूड घेतलेल्या 23 जणांत असा एकच निघाला. जगभर आशा निर्माण झाली. पण पुढे इतर ठिकाणी तसेच प्रयोग झाले, तेव्हा हा गुण दिसून आला नाही. 2011 साली अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. एक प्रयोग यशस्वी झाला म्हणून खाते बंद करता येत नाही, ते असे.

आणि अपायाचे काय? 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. 2022 साली देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती छापली. म्हणजे पाला आहे म्हणून निर्धोक आहे, असे धरून चालता येत नाही.

मग माळेने आणि रसाने लोक बरे झालेले दिसतात ते कसे? दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळते. आम्ही कारकुनी करणारी माणसे एका बाजूची नोंद पाहून शिल्लक सांगत नाही. माळ न घालता किती बरे झाले, ही दुसरी बाजू कोणी मांडतच नाही.

त्या तरुणाला आम्ही सरकारी रुग्णालयात नेले. कावीळ ए प्रकारची निघाली. तो आता कामावर जातो. त्याची आई अजून म्हणते, रसानेच बरा झाला. मी वाद घातला नाही. पण पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ तोच रस दोन महिने घेत राहिले. तपासणी केली तेव्हा कावीळ बी प्रकारची निघाली आणि यकृत घट्ट होऊ लागले होते. त्यांचे ते दोन महिने कोण परत देणार?

म्हणून माता-भगिनींनो, डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. ई प्रकार तिच्या जिवावर बेततो. बी आणि सी प्रकाराची तपासणी व औषधे 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. बाळाला बी काविळीची लस वेळेवर द्या. पाणी उकळून प्या. घरात कोणी काढा घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

तपासणीला एक सकाळ जाते. ती एक सकाळ काढा, एवढेच सांगणे.