सेवा कोणाची, ताबा कोणाचा?

परदेशी विद्यापीठांत शिकणारी आपली मुलेमुली आता तुरळक राहिलेली नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती यांच्या आधाराने वस्तीतली पोरे लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली आहेत. तिथे सुट्टी जवळ आली की पोस्टर लागते. होंडुरासला चला, ग्वाटेमालाला चला, केनियाला चला. आठ-दहा दिवस गरिबांची वैद्यकीय सेवा करा. पोस्टरवर काळी-सावळी हसरी मुले असतात आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला विद्यार्थी. अशा सहलीला आपल्यातल्या कोणी नाव द्यावे का, यावर आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. कारण त्या फोटोच्या दोन्ही बाजूंना आपण असू शकतो. हात टाकणारा आपला विद्यार्थी असेल, पण ज्याच्या खांद्यावर हात पडतो त्या जागी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या उभ्या राहिल्या आहेत.

आधी हे चालते कसे ते पाहू. विद्यार्थी विमानभाडे आणि फी स्वतः भरतात किंवा देणग्या जमवतात. अमेरिकेत डॉक्टरकीचा अभ्यास पदवीनंतर सुरू होतो. प्रवेश देताना गुणांबरोबर रुग्णांमध्ये काम केल्याचा अनुभवही पाहिला जातो. म्हणजे ज्याने अजून वैद्यकशास्त्राचे पहिले पुस्तकही उघडलेले नाही, त्याला रुग्ण हवे असतात. ते मग गरीब देशात मिळतात. शाळेच्या खोलीत किंवा चर्चच्या आवारात शिबिर लागते, पहाटेपासून रांग लागते, दुभाष्या बसतो. एखाद्या बाईचा रक्तदाब जास्त निघतो आणि तिला महिनाभराच्या गोळ्या मिळतात. महिना संपला की काय? गोळ्या देणारा तोवर आपल्या कॉलेजात परतलेला असतो, आणि रक्तदाबाचे औषध तर तिला बहुतेक आयुष्यभर घ्यायचे आहे. मुलांना जंतांचे औषध दिले जाते, पण पाणी तेच, संडास नाही तो नाहीच. पुढच्या सुट्टीत दुसरी तुकडी येते आणि त्याच मुलांना तेच औषध देते. दरम्यान त्याच तालुक्यात वर्षभर राबणाऱ्या स्थानिक डॉक्टर-परिचारिकांकडे ना औषधे पोहोचतात ना त्या बाईची नोंद.

याहून गंभीर गोष्ट हातांची आहे. आपल्या देशात ज्याला रुग्णाला टाका घालायची, दात काढायची, बाळंतपणात हात लावायची परवानगी नाही, त्याला परदेशी शिबिरात ती मिळून जाते. हे इतके वाढले की अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेलाच २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. सूचनांचा आशय साधा आहे: जे काम तुम्ही इथे करू शकत नाही, ते तिथेही करू नका. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या मुलांना लिहून का सांगावी लागते? कारण गरिबाचे शरीर ही सरावाची जागा आहे, अशी समजूत खोलवर मुरलेली आहे. तिथे चूक झाली तर जाब विचारणारा वकील नाही, वर्तमानपत्र नाही.

ही समजूत वैद्यकाच्या इतिहासात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या आणि तो आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणवला गेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हटायला २०१८ साल उजाडले. आज ज्या ग्वाटेमालात विद्यार्थ्यांच्या तुकड्या जातात, तिथे १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकी सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरांनी कैदी, सैनिक, मनोरुग्ण आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण करून प्रयोग केले. अमेरिकेने माफी मागितली २०१० मध्ये. गोळी वाटणारा विद्यार्थी आणि हे डॉक्टर एकच आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कोणत्या जमिनीवर आपण स्टेथोस्कोप घेऊन उतरतो आहोत, हे त्याला माहीत असायला हवे. बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

अलीकडचे प्रकरण युगांडाचे आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेली एक अमेरिकन तरुणी अठराव्या वर्षी सेवेसाठी तिथे गेली आणि पुढे जिंजा शहरात कुपोषित बालकांचे केंद्र चालवू लागली. काही वर्षांत त्या केंद्राच्या देखरेखीखाली शंभरावर मुले दगावली. २०१९ मध्ये दोन मातांनी कोर्टात धाव घेतली. ती डॉक्टरच आहे असे आम्हाला वाटत होते, असे मातांचे म्हणणे. उपचार स्थानिक डॉक्टर-परिचारिका करत, असे तिचे म्हणणे. २०२० मध्ये जबाबदारी मान्य न करता पैसे देऊन तडजोड झाली. तिचा हेतू वाईट होता असे तिचे अनेक टीकाकारही म्हणत नाहीत, आणि आम्हाला नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हेतू चांगला असल्यामुळेच इतकी वर्षे तिला कोणी अडवले नाही.

चांगल्या हेतूचे काय करायचे, हे आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. पुणे करारानंतर १९३२ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेबांनी तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून तिचे सचिव ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. अस्पृश्य माणूस सुधारत बसण्याऐवजी त्याच्याभोवतीची परिस्थिती बदला, विहिरी, शाळा, रस्ते यांवरच्या नागरी हक्कांसाठी मोहीम काढा आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्या, असा त्या पत्राचा रोख होता. संघाने तो मार्ग घेतला नाही. पुढे मंडळावर अस्पृश्यांचे प्रतिनिधी का नाहीत, असे विचारायला गेलेल्यांना गांधीजींनी दिलेले उत्तर बाबासाहेबांनी आपल्या १९४५ च्या ग्रंथात नोंदवले आहे: हे काम म्हणजे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, म्हणून कारभारही त्यांचाच.

मित्रांनो, हे उत्तर नीट वाचा. प्रायश्चित्त करणाऱ्याला समाधान हवे असते. ते कामाच्या परिणामावर नव्हे, करण्यावर मिळते. ज्याच्या नावाने काम चालते त्याला ते थांबवता येत नाही, बदलता येत नाही, हिशेब मागता येत नाही. वैद्यकीय सहलीत प्रायश्चित्ताच्या जागी प्रवेशअर्ज आला आहे, एवढाच फरक. आठवडाभरात किती रुग्ण 'पाहिले' याचा आकडा अहवालात येतो. किती बरे झाले याचा आकडा बहुधा नसतोच, कारण मोजायला कोणी मागे थांबत नाही.

लगेच प्रश्न येईल, मग लोकांना मरू द्यायचे का? नाही. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीला हाडांच्या शल्यचिकित्सकांची, भूलतज्ज्ञांची तातडीने गरज होती. ज्यांच्या हातात ती विद्या होती त्यांनी जायलाच हवे होते. पण त्याच हैतीत त्याच वर्षी ऑक्टोबरात मदतीसाठी आलेल्या शांतिसेनेच्या छावणीतल्या मैल्यातून कॉलरा पसरला, हजारो माणसे मेली आणि त्यातली आपली भूमिका मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडले. मदत करणाऱ्यालाही जाब विचारता आला पाहिजे, तो यासाठी. क्यूबाने दुसरा रस्ता धरला. तिचे डॉक्टर १९९८ च्या चक्रीवादळानंतर हैतीत होतेच, भूकंपापूर्वीपासून. शिवाय तिने १९९९ मध्ये हवानात वैद्यकीय महाविद्यालय काढून गरीब देशांतल्या गरीब घरांतली मुले मोफत शिकवली, ती आपापल्या वस्तीत परतून काम करतील या बोलीवर. क्यूबाचे सरकार परदेशी पाठवलेल्या डॉक्टरांच्या कमाईतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवते, ही टीका खरी आहे आणि ती आम्ही झाकत नाही. तरीही त्या गावाला त्याच गावातली डॉक्टर मिळणे ही गोष्ट वेगळी आहे.

दलित पँथर्सनी ज्यांचे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथर्सनी १९७० पासून आपल्या प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना काढायला सांगितले होते. काळ्या लोकांमध्ये जास्त आढळणाऱ्या सिकलसेलची तपासणी त्यांनी वस्तीवस्तीत नेली. तिथे गोरे डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थीही स्वयंसेवक म्हणून येत. पण कोणते काम करायचे ते वस्तीतली संघटना ठरवत असे.

आपल्याकडचे उदाहरण सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. ते शिकून डॉक्टर झालेले होते. तिथली भाषा शिकले, तिथल्या लोकांच्या लष्करी रुग्णालयात त्यांच्या शिस्तीखाली राबले आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत ते कोणी पोस्टर लावले म्हणून नव्हेत.

तेव्हा परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे असे. पाहायला, शिकायला जायचे असेल तर तसे सांगून जा, आणि शिकल्याची फी तिथल्या दवाखान्याला द्या. नाव देण्याआधी संयोजकाला विचारा की तुम्हाला बोलावले कोणी, तिथल्या आरोग्यखात्याला कळवले आहे का, तुम्ही निघाल्यावर रुग्णांची वही कोणाकडे राहणार, आणि तिथल्या लोकांनी 'यंदा येऊ नका' म्हटले तर तुम्ही ऐकाल का. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपलेही वैद्यकीय विद्यार्थी टेबल मांडून बसतात, रात्रभर जागतात. ते काम मोलाचे आहे. त्या टेबलावर रक्तदाब जास्त निघालेल्या आजी परभणी किंवा वाशीमच्या कुठल्या गावातून आल्या, त्यांच्या जवळच्या आरोग्यकेंद्रात गोळ्या मिळतात का, याची वही ठेवायला या डिसेंबरपासूनच सुरुवात करता येईल.