सावकाराचा आहेर

कर्ज मागणाऱ्यानें सावकाराच्या ओटीवर ताटकळत बसावें, हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हल्लीं मात्र सावकार स्वतःच ऋणकोच्या दारीं येतो आणि "आमच्याकडून उधार घ्याल तर वर आहेर करूं" असें म्हणतो. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांचा हा नवा शिष्टाचार होय. नवें कार्ड घ्यावें, पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्यावर ठराविक रकमेचा खर्च करावा, म्हणजे खात्यावर हजारों पॉइंट जमा होतात. त्यांच्या मोबदल्यांत विमानाचें तिकीट, हॉटेलांतील मुक्काम किंवा खरेदींत सूट मिळते. एका कार्डावर हा आहेर बहुधा एकदांच. म्हणून चतुर मनुष्य दुसरें कार्ड घेतो, मग तिसरें, आणि पुढील वर्षाची वर्गणी द्यावयाची वेळ येण्यापूर्वीं जुनें बंद करून टाकतो. अमेरिकेंत या उद्योगास ‘चर्निंग’ म्हणजे घुसळण असें नांव पडलें आहे. लोणी निघतें हें खरें. दूध कोणाच्या गोठ्यांतलें, हें लोणी खाणारा क्वचितच विचारतो.

या विद्येचें माहेर अमेरिकाच. १९५८ सालच्या सप्टेंबरांत बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरीं सुमारें ६०,००० लोकांस, त्यांनीं मागणी केलेली नसतां, टपालानें कार्डें धाडलीं. न मागतां कार्ड पाठविण्यास तेथें १९७० सालीं बंदी झाली. आतां लोकांनीं आपण होऊन मागणी करावी, एवढें काम आहेर करतो, आणि तो लहानसहान नसतो. २०१६ च्या ऑगस्टमध्यें चेस बँकेनें ‘सफायर रिझर्व्ह’ नांवाचें कार्ड काढलें. वार्षिक वर्गणी ४५० डॉलर. परंतु तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च करणारास एक लक्ष पॉइंट, म्हणजे त्या बँकेमार्फत प्रवास विकत घेतल्यास १,५०० डॉलरांचा माल! लोकांची अशी झुंबड उडाली कीं, ज्या धातूचीं तीं कार्डें बनत त्याचा साठा कांहीं दिवसांतच संपला. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहींत या एका कार्डापायीं नफा वीस ते तीस कोटी डॉलरांनीं घटेल, असें बँकेच्या प्रमुखांनीं जाहीर केलें, आणि २०१७ च्या आरंभीं आहेर निम्म्यावर आणला.

घुसळणाऱ्यांच्या बुद्धीचें कौतुक वाटावें अशाहि कथा आहेत. डॉलराचें नाणें लोकांच्या वापरांत यावें म्हणून तेथील सरकारी टांकसाळ नाणीं दर्शनी किंमतीस घरपोंच, टपालखर्च न घेतां देत असे. चतुर मंडळींनीं तीं कार्डावर हजारोंनीं मागविलीं, पॉइंट पदरांत पाडून घेतले आणि पेटाऱ्या तशाच बँकेंत नेऊन त्याच पैशांनीं कार्डाचें देणें फेडलें. नाणें बाजारांत पाऊल न टाकतां परत तिजोरींत! शेवटीं २०११ च्या जुलैंत टांकसाळीनें या नाण्यांसाठीं कार्ड घेणेंच बंद केलें. बँकाहि स्वस्थ बसल्या नाहींत. चोवीस महिन्यांत कोठलींहि पांच नवीं कार्डें घेतलेल्या माणसास चेस बँक बहुधा नकार देते. अमेरिकन एक्स्प्रेसनें एका कार्डाचा आहेर जन्मांत एकदांच, असा दंडक घातला.

आतां गोठ्याकडे वळूं. बँकेस पैसा मिळतो तो मुख्यतः दोन वाटांनीं. कार्डानें पैसे घेणारा दुकानदार प्रत्येक विक्रीवर बँकांना कांहीं टक्के देतो, आणि तो भार मालाच्या किंमतींत मिसळतो. त्यामुळें रोख मोजणारी मोलकरीणहि तो उचलते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेंतील अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं हिशोब मांडला कीं, अमेरिकेंतील रोखीचें सरासरी कुटुंब वर्षास १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या झोळींत टाकतें आणि कार्डवाल्या कुटुंबास १,१३३ डॉलर मिळतात. दुसरी वाट व्याजाची. बक्षिसाच्या कार्डांमुळें वर्षास सुमारें १५ अब्ज डॉलर गरिबांकडून श्रीमंतांकडे आणि कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे वाहतात, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें दिला. आपण शिकलेली माणसें कोणत्या बाजूस बसलों आहोंत हें सांगावयास नको.

हा खेळ आतां आपल्याकडेहि रुजला आहे. २०२४ च्या प्रारंभीं भारतांतील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढें गेली. खेळाचा सारा डाव एका अटीवर उभा आहे: दर महिन्याचें संपूर्ण देणें मुदतींत फेडणें. ‘किमान देय’ म्हणून जो लहानसा आंकडा छापलेला असतो, तो भरून उरलेलें पुढें ढकलणारा डाव हरला. मी जन्मभर व्याजाचीं उदाहरणें मुलांस घातलीं; एक येथेंहि घालतों. पन्नास हजारांचें देणें महिनाभर तसेंच राहिलें, दर महिना साडेतीन टक्के. व्याज १,७५० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३१५, एकूण २,०६५. दोन हजारांचा आहेर एका महिन्यांत परत गेला, वर पांसष्ट रुपये दक्षिणा. शिवाय बाकी राहिली कीं नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतहि जाते. चक्रवाढ सोडून दिली तरी या दरानें २९ महिन्यांत व्याज मुद्दलाच्या वर जातें. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये, हा आपला जुना दामदुपटीचा नियम, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो हिंदु ऋणकोंस लागू करीत. वर्षास तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं कार्डांविषयीं दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. तेव्हां ऋणकोनें स्वतःच सावध राहिलें पाहिजे.

एका वाचक भगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांच्या पुण्यांत नोकरी करणाऱ्या मुलाजवळ सात कार्डें आहेत आणि आतां तो निवृत्त वडिलांच्या नांवें आठवें काढूं म्हणतो. शिफारस केल्याबद्दल त्यास पॉइंट, वडिलांस स्वागताची भेट, खर्च मात्र तोच करणार. "यजमानांना मुलास नाहीं म्हणवत नाहीं, आणि मला झोंप येत नाहीं." मुलगा लबाडी करतो असें मुळींच नाहीं, पुरें देणें बँकेच्या खात्यांतून आपोआप वळतें होण्याची व्यवस्था त्यानें केली असेल तर त्याचा खेळ त्याला लखलाभ. मात्र प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलच्या दप्तरीं होते आणि थोड्या काळांत पुष्कळ अर्ज झाले तर पत घसरते, हें घरासाठीं कर्ज काढावयाचें असल्यास त्यानें ध्यानांत ठेवावें.

वडिलांच्या नांवाची गोष्ट निराळी. बापाचें ऋण मुलानें फेडावें, हा हिंदु धर्मशास्त्राचा दंडक २००५ च्या कायद्यानें पुढील ऋणांपुरता गेला. उलट, कुटुंबासाठीं नसलेलें मुलाचें ऋण बापास किंवा आईस बांधत नाहीं, असें याज्ञवल्क्यस्मृतींत पूर्वींच ठरलेलें आहे. स्मृतिकारांनीं मोकळा ठेवलेला हात त्या गृहस्थांनीं चार पॉइंटांसाठीं बांधून कां घ्यावा? कार्ड ज्याच्या नांवाचें, देणें त्याचें. खर्च कोणी केला हें बँक विचारीत नाहीं. भगिनींनीं हें यजमानांस माझ्या नांवानें वाचून दाखवावें.

अर्ज आधींच गेला असेल तरीहि घाबरूं नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणें, तीस दिवसांत सुरू न केलेल्या कार्डासाठीं बँकेनें ओटीपी पाठवून पुन्हा संमति मागावयाची असते. ती दिली नाहीं, तर सात कामकाजाच्या दिवसांत तें कार्ड कांहींहि खर्च न आकारतां बंद करावें लागतें. आलेला लखोटा न फोडतां कपाटांत ठेवावा, आणि तो ओटीपी मुलास सांगूं नये.