चूड उपटा, मुळे बघा

रोवणी आटोपून तीन आठवडे झाले की भंडारा जिल्ह्यात एकच प्रश्न कानावर येतो: धान पिवळा पडला, किती युरिया टाकू? साकोली असो, लाखांदूर असो की पवनी, प्रश्न तोच आणि आपले उत्तरही ठरलेले: एकरी अर्धी बॅग. कृषी सहायक तेच सांगतो, सेवा केंद्राचा चालकही तेच सांगतो. मीही अनेक वर्षे तेच सांगत आलो. पान बघायचे आणि गोणी सांगायची. मूळ बघायला बांधीत कोणी उतरत नाही, आणि आपली चूक नेमकी तिथे होते.

या हंगामात लाखनी तालुक्यातल्या एका बांधीत उतरलो. पाणी घोट्याच्या वर, पाने फिकट. शेतकऱ्याने आठ दिवसांपूर्वीच युरिया फेकला होता. चूड उपटून त्याच पाण्यात धुतला. मुळे काळी पडलेली आणि सडक्या अंड्यासारखा वास. धुऱ्यापलीकडची बांधी थोडी उंच, तिथले पाणी दोनदा आटून गेलेले. तिथल्या चुडाची टोके पांढरी होती आणि वरच्या भागावर गंजासारखा तांबूस लेप होता. वाण एकच, खतही एकच.

तो तांबूस लेप ही चांगली खूण आहे. धानाच्या खोडापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. त्यातून पानाकडचा प्राणवायू खाली येतो, टोकाशी थोडा बाहेर झिरपतो आणि चिखलातल्या लोहाला गंज चढवतो. म्हणजे मूळ श्वास घेत आहे. लोह सल्फाइडने काळे पडलेले मूळ मात्र गुदमरलेले असते.

गुदमरलेल्या मुळापुढे युरिया ओतून उपयोग का होत नाही? युरिया चिखलात पडला की युरिएज विकर काही दिवसांत त्याचे अमोनियम करते. हा धनभारित कण चिकणमातीला चिकटतो. कन्हारीत तो बराच टिकतो, बरडीत कमी. मुळाच्या पेशींवर त्याला आत घेणारी वाहक प्रथिने असतात. पण आत घेतलेले अमोनियम साठवून ठेवता येत नाही, कारण जास्त झाले तर ते पेशीलाच बाधते. नायट्रेट पेशीच्या रिक्तिकेत पडून राहू शकते, पानापर्यंत जाऊन तिथेही वापरले जाते. अमोनियमचा व्यवहार मात्र रोखीचा. ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर मुळातच त्याला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवते, मग गोगॅट हे दुसरे विकर त्यापासून पुन्हा ग्लुटामेट तयार करते आणि तिथून पुढची अमिनो आम्ले होतात. या कामाला ऊर्जा लागते आणि कार्बनचा सांगाडा लागतो. सांगाडा पानाने पाठवलेल्या साखरेतून येतो, तर ऊर्जा ती साखर प्राणवायूत जाळून मिळते. प्राणवायू नसेल तर दारात खत असूनही मूळ उपाशी राहते, आणि पान पिवळे दिसते ते त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट आपण शेतकऱ्याला क्वचितच सांगतो. मुळाभोवतीच्या त्या पातळ, हवेशीर थरात जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात आणि धान ते तिथल्या तिथे उचलतो. पाण्यात वाढणारे पीक फक्त अमोनियम खाते, हा समज अर्धाच खरा आहे. दोन्ही रूपे मिळाली तर धान एकट्या अमोनियमपेक्षा चांगला वाढतो. पण मुळाने न उचललेले नायट्रेट खालच्या निर्वात चिखलात गेले की नायट्रोजन वायू होऊन उडून जाते.

वरून फेकलेल्या युरियाची गत याहून वाईट. उभ्या पाण्यातले शेवाळ दुपारी कर्बवायू शोषून घेते, पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया हवेत जातो. मामा तलावाखालच्या बांध्यांत पाणी एकीतून दुसरीत उतरते, त्याबरोबर खतही धुरा ओलांडते. आता 45 किलोच्या एका बॅगेत जेमतेम 20.7 किलो नत्र असते. त्यातला मोठा हिस्सा धानाच्या तोंडी लागतच नाही. 2015 पासून सगळा युरिया कडुनिंबाचे आवरण देऊन येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, पण साचलेल्या पाण्यावर तो इलाज नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत ही गळती ओळखलेली होती. 15 आणि 25 सेंटिमीटर अंतराच्या जोडओळी, चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, सात ते दहा सेंटिमीटर खोल. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे साधारण 169 किलो खत, आणि त्यात साठ किलोच्या आत नत्र. अमोनियम निर्वात थरात बंद राहते आणि मुळे स्वतः तिथवर जातात. मग आपल्याकडे ही पद्धत सगळीकडे का रुजली नाही? रोवणी ठेक्याने होते, दोरीला वेळ नसतो, आणि वाकून गोळी दाबायला मजूर मिळत नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या घरची माणसे रोवणीला असतात, त्याला एका बांधीपुरती तरी ही पद्धत सुचवायलाच हवी.

बाकीच्यांसाठी पाणी हेच औजार आहे. मूळ काळे दिसले तर युरिया थांबवा, बांधी फोडा, केसाएवढ्या भेगा पडेपर्यंत तीन-चार दिवस जाऊ द्या. नवी पांढरी मुळे दिसली की ओल्या चिखलावर खत द्या आणि एक-दोन दिवसांनी पाणी घ्या. घाईने दिलेले जास्तीचे नत्र पुढे पानात अमिनो आम्लांच्या रूपात साचते आणि तुडतुड्याला आयते जेवण मिळते. मग फवारणीचा खर्चही त्याच शेतकऱ्याच्या डोक्यावर.

लोंबी पोटात धरण्याच्या वेळचा हप्ता अजून बाकी आहे. तो सांगण्याआधी प्रत्येक वाचकाने किमान पाच बांध्यांत एकेक चूड उपटावा. मुळांचा रंग, वास, पाणी किती बोटे आणि मागचा युरिया कधी दिला, एवढ्या चार नोंदी गावाच्या नावासह आमच्याकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकाची दोन पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.